चित्रेच्या खाली

माणदेशात राहून आकाशाचे फोटो काढायला घेतले की पहिली अडचण ध्रुवतारा करतो. पुस्तकं, व्हिडिओ, दुर्बिणीसोबत आलेली माहितीपत्रिका, सगळं युरोप-अमेरिकेतल्या लोकांसाठी लिहिलेलं. त्यांच्याकडे ध्रुव ४०-५० अंश वर असतो. आमच्या दहिवडीकडच्या परसातून तो जेमतेम १८ अंशांवर, म्हणजे शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीमागे. ताऱ्यांच्या गतीने दुर्बीण फिरवत ठेवणारा माउंट ध्रुवाकडे रोखायचा, तर तो इतका आडवा करावा लागतो की समतोलाच्या वजनांचा दांडा ट्रायपॉडच्या उत्तरेकडच्या पायावर आपटतो. शेवटी गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून जाड लोखंडी पाइपाचा तुकडा कापून घेतला, दोन्ही टोकांना चकत्या वेल्ड केल्या आणि तो मध्ये बसवून माउंट वर उचलला. "ताई, मोटर बसवायचीय का बोअरवर?" त्याने विचारलं. मी हो म्हणाले. खरं सांगितलं असतं तर अर्धा दिवस गेला असता.

पण ध्रुव जितका खाली, तितकं दक्षिणेचं आकाश वर. हे माहीत सगळ्यांनाच असतं, त्याचा फायदा मात्र कुणी घेत नाही. आपल्याकडचे हौशी लोकही दुर्बीण आली की आधी देवयानीची दीर्घिका, मग शौरीतला एम १३ गुच्छ, मग श्यामशबलातली भोवरा दीर्घिका या क्रमाने जातात, कारण यादी मेसिएची. शार्ल मेसिए पॅरिसमध्ये बसून धूमकेतू शोधत होता. धूमकेतूसारखे दिसणारे पण न हलणारे धुरकट ठिपके वेळ खातात, म्हणून त्याने त्यांची नोंद ठेवली. पहिली यादी १७७४ची, शेवटची १७८१ची. फार कामाची यादी आहे, मीही तिच्यावरूनच शिकले. पण पॅरिस जवळपास ४९ अंश उत्तरेला. जे पॅरिसच्या क्षितिजावर उगवतच नाही, ते त्या यादीत येणार कुठून? आकाशातला सगळ्यात मोठा, सगळ्यात तेजस्वी गोलाकार तारकागुच्छ त्या यादीत नाही, याचं कारण एवढंच.

तो गुच्छ म्हणजे नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी. शोधायला सोपा. चित्रा नक्षत्राचा तारा दक्षिणेला बरोबर मध्यावर आला की त्याच्या सरळ खाली ३६ अंशांवर हा असतो. हात लांब करून मूठ धरली की साधारण १० अंश भरतात, म्हणजे साडेतीन मुठी खाली यायचं. आमच्याकडून तो क्षितिजापासून २५ अंशांपर्यंत चढतो. डोळ्यांना किंचित पुसट ताऱ्यासारखा दिसतो, आणि शेकडो वर्षं तारा म्हणूनच खपला. १६०३मध्ये बायरने त्याला ताऱ्यासारखं ग्रीक अक्षर देऊन टाकलं. हा तारा नाही हे एडमंड हॅलीने सेंट हेलेना बेटावरून पाहिलं आणि १६७७मध्ये नोंदवलं.

चित्रा म्हटलं की चैत्र आलाच. चैत्री पौर्णिमेचा चंद्र चित्रेपाशी असतो, त्यावरून महिन्याला नाव. म्हणजे हा भाग पाहायचा महिना तोच, पण पौर्णिमा सोडून. शिंगणापूरच्या यात्रेत शुद्ध द्वादशीला कावडी मुंगी घाट चढून जातात, मग माणसं पांगतात, ट्रॅक्टर-टेम्पो परततात, ध्वनिक्षेपक उतरतात आणि वद्य पक्ष लागला की रोज थोडा जास्त वेळ अंधार मिळत जातो. अमावास्येच्या अलीकडच्या-पलीकडच्या रात्री माझ्या. सासूबाईंना हे वेळापत्रक पाठ आहे. त्या आठवड्यात पाहुणे बोलवायचे नाहीत, असं त्यांनीच परस्पर ठरवून टाकलंय.

महिना चांगला, हवा मात्र वैऱ्याची. दिवसभर तापलेली जमीन रात्री अकरापर्यंत वाफा सोडते, संध्याकाळी वळवाचे ढग उगाच फिरून जातात, धूळ खाली बसत नाही. २५ अंश उंचीवरच्या वस्तूचा प्रकाश डोक्यावरच्या वस्तूपेक्षा जवळजवळ अडीचपट हवेतून येतो. तारे फुगतात, पिवळे पडतात. माझा कॅमेरा साधा डीएसएलआर, थंड करणारी यंत्रणा नसलेला. सेन्सर तापला की प्रकाश नसतानाही ठिपके उमटवतो, आणि तापमान सहा-सात अंशांनी वाढलं की हा गोंगाट दुप्पट होतो. थंडीत निवांतपणे पाच मिनिटांचा एकेक फोटो घेता येतो, एप्रिलात मी मिनिटाच्या वर जात नाही. लहान फोटो, पण भरपूर. चौपट फोटो जमवले की गोंगाट निम्मा होतो, हे गणित कुणालाच चुकवता येत नाही.

हा गुच्छ २० अंशांच्या वर राहतो पावणेचार तासांच्या आसपास. त्यातही ऐन मध्यावर, जिथे तो सगळ्यात उंच आणि हवा सगळ्यात पातळ, तिथेच माउंटला कूस बदलावी लागते. दुर्बीण माउंटच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला उलटवायची, पुन्हा नेम धरायचा, फोकस तपासायचा. रात्रीतली सगळ्यात मोलाची दहा-पंधरा मिनिटं या कसरतीत जातात, आणि त्यावर मला अजून उपाय सापडलेला नाही.

आठ इंची दुर्बिणीतून नुसत्या डोळ्यांनीही ओमेगा सेंटॉरी फसवत नाही. दीर्घिका फसवतात. फोटो पाहून आलेला माणूस दुर्बिणीला डोळा लावतो आणि राखाडी डाग पाहून गप्प होतो. इथे तसं होत नाही. सासूबाईंनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बराच वेळ डोळा काढला नाही. मग म्हणाल्या, "अगं, ही तर बाजरी सांडलीय. वेचायची कुणी?" सुमारे एक कोटी तारे, १७ हजार प्रकाशवर्षांवर. हा मुळात आपल्या आकाशगंगेने गिळलेल्या एखाद्या बटू दीर्घिकेचा उरलेला गाभा असावा, असं आता बरेच खगोलशास्त्रज्ञ मानतात. हबलच्या वीसेक वर्षांच्या फोटोंमध्ये त्याच्या मध्याशी सात तारे विलक्षण वेगाने पळताना सापडले. तिथे किमान ८,२०० सूर्यांच्या वजनाचं कृष्णविवर असल्याशिवाय ते तसे पळू शकत नाहीत, असा निष्कर्ष २०२४मध्ये प्रसिद्ध झाला. माझ्या फोटोत तो मध्यभाग म्हणजे नुसता पांढरा गोळा. तो जळू नये म्हणून दहा-दहा सेकंदांचे वेगळे फोटो घेऊन आत मिसळावे लागतात.

ओमेगापासून सरळ वर साडेचार अंशांवर सेंटॉरस ए ही दीर्घिका आहे. मेसिएला हीसुद्धा दिसली नाही, जेम्स डनलॉपला ऑस्ट्रेलियातून १८२६मध्ये दिसली. अंतर एक कोटी प्रकाशवर्षांच्या थोडं वर. मोठा गोल उजेड आणि त्याच्या बरोबर मधून गेलेला धुळीचा काळा पट्टा. जी सर्पिल दीर्घिका हिने कधीकाळी पोटात घातली, तिची ही धूळ. तो पट्टा पहिल्या अर्ध्या तासातच उमटतो, म्हणून नवशिक्याला खूश करायला ही दीर्घिका चांगली. अवघड आहे तिची बाहेरची कड. ती आमच्या दक्षिणेकडच्या उजेडात बुडून जाते. डोंगरावरच्या पवनचक्क्यांचे लाल दिवे सोसता येतात, लग्नाच्या लॉनवरचे आकाशभर फिरणारे शार्पी दिवे नाही. गेटासमोरच्या खांबावरच्या एलईडीला मात्र सरपंचांना विचारून वायरमनकडून पत्र्याची झडप लावून घेतली. रस्त्यावर उजेड पूर्वीपेक्षा जास्त पडतो. पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, आनंदच आहे, पण मला विचाराल तर गावोगावच्या खांबांना अशा झडपा लावणं जास्त गरजेचं. तेवढ्यासाठी वाघ लागत नाहीत.

आणखी वर चढलं, तर चित्रा आणि सेंटॉरस ए यांच्या मधोमध नाही पण वाटेतच, वासुकीच्या शेपटीकडे, एम ८३. ही मेसिएच्या यादीत आहे खरी, पण आधी पाहिली लाकाय याने, केप ऑफ गुड होपवरून, १७५२मध्ये. मेसिएला पॅरिसहून ती अगदी क्षितिजालगत धडपडून शोधावी लागली. आमच्याकडे ती ४२ अंशांवर आरामात येते. आपल्याला पूर्ण समोरून दिसणारी सर्पिल दीर्घिका, अंतर दीड कोटी प्रकाशवर्षं, आणि अतिनवताऱ्यांची खाण. १९२३ ते १९८३ या साठ वर्षांत हिच्यात सहा तारे फुटताना दिसले. म्हणून हिचा फोटो मी दर वर्षी त्याच मापात घेते आणि आधीच्या वर्षाच्या फोटोशेजारी ठेवून ठिपका न् ठिपका ताडून पाहते. मोठ्या सर्वेक्षण दुर्बिणी हे काम रोजच करतात, माझ्यावाचून काही अडलेलं नाही. पण १९८६मध्ये सेंटॉरस एमधला अतिनवतारा पकडला तो ऑस्ट्रेलियातल्या रॉबर्ट इव्हान्स या हौशी पाद्र्याने, तोही दुर्बिणीला नुसता डोळा लावून. ते वाचल्यापासून ताडून पाहणं सोडवत नाही.

पहाटे दुर्बीण आवरण्याआधी एक काम उरतं. तोंडावर पांढरा पंचा ताणून बांधायचा, फटफटणाऱ्या आकाशाकडे दुर्बीण करायची आणि वीसेक फोटो घ्यायचे. त्यांत फक्त आरशावरच्या, सेन्सरवरच्या धुळीच्या सावल्या येतात. झाकण लावून घेतलेल्या फोटोंत फक्त सेन्सरचा गोंगाट येतो. नंतर संगणकावर हे सगळं मूळ फोटोंतून वजा किंवा भागाकार करून काढायचं, विमानांच्या आणि उपग्रहांच्या रेघा टाकून द्यायच्या, आकाशाची पिवळसर झाक उतरवायची. बँकेतून आल्यावर रात्री जेवणं उरकून मी हे करत बसते. दिवसभर हिशेबच केलेले असतात, त्यामुळे जड जात नाही.

"पण हे असंच दिसतं का गं खरं?" हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. रंग मी भरलेले नाहीत, वाढवलेले आहेत, एवढं उत्तर मी देते. एम ८३च्या फाट्यांतले गुलाबी ठिपके म्हणजे हायड्रोजनचा प्रकाश, निळे म्हणजे नवे तापलेले तारे. डोळा अंधारात रंग ओळखत नाही आणि प्रकाश साठवत नाही, कॅमेरा दोन्ही करतो. काहींना हे पटतं. काही जण तेच चित्र नेटवरून उतरवलंय का म्हणतात, आणि मी ते कौतुक समजून घेते.

बैठकीत लावायला सेंटॉरस एचा फोटो निवडला होता, फ्रेमवाल्याकडे माप देऊन झालं होतं. सासूबाईंनी बदलायला लावलं. "तो काळा पट्टा कशाला भिंतीवर? बाजरीचा लाव." आता ओमेगा सेंटॉरी देवघराच्या शेजारी आहे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याची ओळख त्याच करून देतात. अंतर १७ हजार प्रकाशवर्षं, हे बरोबर सांगतात. ताऱ्यांचा आकडा मात्र त्यांनी आपल्या मनाने वाढवलाय.