भिंतीवर चढवण्याआधी

साताऱ्यातल्या एका डॉक्टरबाईंच्या नव्या दवाखान्यासाठी मी कास पठाराचा एक फोटो सहा फूट रुंद आणि चार फूट उंच छापून दिला. फोटो सप्टेंबरातला आहे. खाली सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा पसारा, मधूनच तेरड्याचा गुलाबी पट्टा आणि वर पावसानं भरलेलं काळंभोर आभाळ. कोणता फोटो लावायचा हे बाईंनी पाहताक्षणी ठरवलं. तो कशावर छापायचा, हे ठरेपर्यंत मात्र पाऊस संपून थंडी पडली होती. तो सगळा वेळ सत्कारणी लागला असं मी आजही म्हणेन.

मापाचा प्रश्न लवकर सुटला. जुनी वर्तमानपत्रं एकमेकांना चिकटवून नेमक्या मापाचा कागद केला आणि वेटिंग रूमच्या भिंतीवर लावला. बाईंना आधी आठ फूट रुंदी हवी होती, पण कागद पाहिल्यावर त्यांनीच ती सहा फुटांवर आणली. माझा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे फोटोची रुंदी ६००० पिक्सेल. सहा फुटांवर पसरल्यावर एका इंचाला जेमतेम ८३ पिक्सेल येतात. आकडा तोकडा वाटतो, पण सहा फुटांवरून पाहणाऱ्या चांगल्या डोळ्यालाही इंचात साधारण पन्नासच ठिपके वेगळे ओळखता येतात. समोरची बाकं तेवढ्याच अंतरावर होती, त्यामुळे चिंता मिटली.

पृष्ठभागाचं काम अवघड होतं. बाईंच्या मुलानं मोबाइलवर एक ॲप दाखवलं. भिंतीचा फोटो काढायचा, त्यावर आपलं चित्र ठेवायचं आणि कॅनव्हास, ॲक्रिलिक, मेटल यांपैकी एक निवडायचं. चित्र कुठे बसेल आणि किती जागा व्यापेल, हे त्यातून छान कळत होतं. पण तिन्ही पर्यायांत बदलत होती ती फक्त कड. आतला फोटो तोच, तसाच झळझळीत. पडदा स्वतः प्रकाश देतो. छापलेलं चित्र मात्र खोलीतला प्रकाश घेऊन त्यातलाच काही परत पाठवतं. ती खोली ॲपला माहीत नसते.

माझ्या संगणकावर याहून बरीच सोय आहे. मॉनिटर मी मोजणीच्या यंत्रानं जुळवून घेते आणि त्याची चमक चौरस मीटरला १०० कँडेलाच्या आसपास ठेवते. नवा मॉनिटर याच्या दुप्पट-तिप्पट उजळ येतो, आणि 'प्रिंट काळपट आली' ही तक्रार बहुतेक वेळा तिथेच जन्मते. त्यानंतर प्रत्येक कागदाची आयसीसी प्रोफाइल लावून सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छपाईचा पडद्यावरचा अंदाज, पाहायचा. अमुक शाई अमुक कागदावर कोणते रंग देऊ शकते, याची नोंद या प्रोफाइलमध्ये असते. कागदाचा पांढरेपणा दाखवणारा पर्याय निवडला की चित्र एकदम मलूल होतं. मी त्या क्षणी पडद्यावरून नजर काढते आणि थोड्या वेळानं पुन्हा पाहते. डोळा नव्या पांढऱ्याला सरावला की मगच खरा अंदाज येतो.

सुती मॅट कागदाची प्रोफाइल लावली तेव्हा आभाळाचा काळा रंग राखाडीकडे झुकला. मॅट कागदावरचा सर्वांत गडद काळा त्याच्या पांढऱ्याच्या साधारण चाळिसाव्या हिश्श्याइतका प्रकाश परत पाठवतो. चकचकीत कागदावर हाच हिस्सा दोनशेवा किंवा त्याहूनही कमी असतो. आवाक्याबाहेरचे रंग दाखवणारी खूण चालू केली तर सीतेच्या आसवांचा मोठा भाग त्या खुणेखाली गेला. निळ्या-जांभळ्याची ही छटा छपाईत नेहमीच त्रास देते. मॅट आणि चकचकीत यांच्या मधल्या लस्टर कागदावर खूण बरीच आक्रसली. इथवर पडदा उपयोगी पडला. पण पोत आणि खिडकीचं प्रतिबिंब त्याला दाखवता येत नाही.

म्हणून नमुन्याच्या पट्ट्या छापून घेतल्या. अनेक जण इथे अख्खा फोटो लहान करून छापतात. त्यातून रंग कळतो, पण फूल भिंतीवर केवढं दिसेल हे कळत नाही. मी फोटो आधी सहा फुटांचा केला आणि मग त्यातला आठ बाय दहा इंचांचा तुकडा कापला. ढगाचा सर्वांत काळा भाग, गेंदाची पांढरी फुलं, तेरडा आणि जांभळा असं सगळं ज्यात येईल, असा तुकडा शोधून काढला. तोच तुकडा कॅनव्हासवर, ॲक्रिलिकमागे, ॲल्युमिनियमवर, सुती मॅटवर आणि लस्टरवर छापून घेतला. छापल्यावर एक दिवस थांबले, कारण शाई पूर्ण वाळेपर्यंत रंग थोडे सरकतात.

पट्ट्या घेऊन सकाळी, दुपारी उतरत्या उन्हात आणि दिवे लागल्यावर त्याच भिंतीसमोर उभी राहिले. बाईंचं मन ॲक्रिलिकवर होतं, आणि आभाळ त्यावर खरोखर खोल दिसत होतं. पण समोर पश्चिमेची खिडकी. दुपारी चारनंतर पट्टीत फुलांऐवजी खिडकीचे गज दिसू लागले. ॲल्युमिनियमचीही तीच गत. कॅनव्हासवर प्रतिबिंब नव्हतं, पण गेंदाची बारीक फुलं विणीत विरघळली. कॅनव्हासवर व्यक्तिचित्र किंवा धुक्यातला डोंगर फार सुंदर दिसतो. फुलांच्या पठारासाठी मात्र तो निवडू नये, असं माझं ठाम मत आहे. सुती मॅटचा पोत मला सर्वांत आवडला, पण तो उघडा ठेवता येत नाही आणि साधी काच घातली की खिडकी परत आत येते. त्यात दवाखान्याच्या भिंती ओल्या फडक्यानं पुसल्या जातात.

उरला लस्टर कागद. तो मॅट लॅमिनेशन करून एसीपी शीटवर, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पत्र्यांच्या ताठ फळीवर, चिकटवायचं ठरलं. सनबोर्ड स्वस्त पडतो, पण एवढ्या मोठ्या मापात वाकण्याची भीती असते. मग लस्टरच्या पट्टीवरही लॅमिनेशन करून घेतलं. त्या पातळ थरानं काळा पुन्हा थोडा फिका पडला, म्हणून मूळ फाइलमध्ये ढगांच्या सावल्या किंचित खाली ओढल्या. दिव्यांखाली तेरडा मातकट दिसत होता. तो दोष छपाईचा नव्हता, छतावरच्या साध्या पांढऱ्या ट्यूबचा होता. बाईंनी त्या भिंतीवरच्या ट्यूब बदलून ४००० केल्विनच्या, ९० सीआरआयच्या, म्हणजे रंग जास्त खरे दाखवणाऱ्या, घेतल्या आणि गुलाबी रंग परत आला.

इतकं होऊनही पहिली मोठी प्रिंट नाकारावी लागली. लॅबनं पट्ट्या एका यंत्रावर छापल्या होत्या आणि मोठं काम दुसऱ्या यंत्रावर घातलं. लॅबमध्ये आपोआप होणारी रंगदुरुस्तीही चालूच होती. सीतेची आसवं वांग्याच्या रंगाची झाली. मी पट्टी शेजारी ठेवली. वाद घालावा लागला नाही. लॅबनं पट्टीच्याच यंत्रावर, त्याच कागदाच्या रोलवर दुसरी प्रिंट काढून दिली आणि तीच आता भिंतीवर आहे.

मोठा फोटो छापून घेणाऱ्यांनी ऑर्डर देतानाच अशी पट्टी मागावी, लॅमिनेशनसकट मागावी आणि अंतिम काम त्याच यंत्रावर होईल हे लिहून घ्यावं. पट्ट्यांचा सगळा खर्च एका फुकट गेलेल्या प्रिंटपेक्षा कमीच येतो. आणि लॅबवाल्यांना माझी विनंती आहे: आपल्या कागदांच्या प्रोफाइल मागेल त्याला द्या, आणि दुकानातले नमुने स्पॉटलाइटखाली टांगता तसेच एखाद्या साध्या ट्यूबखालीही टांगून ठेवा.