कोलारच्या सोन्याखालची माणसे

बंगळूरहून मारीकुप्पमच्या गाडीत बसले की सुमारे शंभर किलोमीटरचा प्रवास आहे. बंगारपेटला फाटा लागतो आणि पुढे कोरोमंडल, चॅम्पियन अशी स्टेशने येतात. ही नावे गावांची नव्हेत, खाणींची आहेत. मधूनच पांढुरक्या मातीचे उघडेबोडके डोंगर दिसतात. दगड दळून, सायनाइडने सोने काढून घेतल्यावर उरलेला हा गाळ.

केजीएफ हे नाव 2018 च्या सिनेमामुळे आपल्या मुलांच्या तोंडी आहे. पण तिथे खाली उतरले कोण, हे सिनेमा पाहून कळत नाही. जॉन टेलर कंपनीने 1880 साली काम हाती घेतले, आणि जमिनीखाली राबणारे बहुसंख्य होते उत्तर अर्काटकडचे अस्पृश्य, परैयर समाजाचे. काम जीवघेणे, पण गावकीची वेठ नव्हती आणि मजुरी रोख मिळत होती. आपल्या लोकांनी महारकी सोडून गिरणी आणि रेल्वे का धरली, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे जास्त समजावून सांगायला नको.

चॅम्पियन रीफची खाण 3 किलोमीटरहून खोल गेली. तेथे दगडाचे तापमान साठ अंशांच्या वर. वरच्या दाबाने दगड अचानक फुटत, तेव्हा वर वस्तीतली घरेही हादरत. 1902 साली शिवसमुद्रमहून वीज आणली गेली ती या खाणींसाठी. बंगळूर शहराला ती तीन वर्षांनी मिळाली. कामगारांच्या वाट्याला एका खोलीच्या चाळी, ज्यांना तिकडे ‘लाईन’ म्हणतात. साहेबांना बंगले, क्लब आणि गोल्फचे मैदान. शिवाय सोने चोरेल म्हणून कामगारावर सतत संशय. 1930 साली सर्वांच्या बोटांचे ठसे घेण्याचे ठरले, तेव्हा कोणी मोठा पुढारी नसताना हजारो कामगारांनी काम बंद ठेवले.

आता जे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते. पंडित अयोथीदास यांनी 1898 साली मद्रासेत शाक्य बौद्ध संघ काढला. त्याची शाखा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच मारीकुप्पमला सुरू झाली, म्हणजे आपल्या 1956 च्या दीक्षेच्या जवळजवळ पन्नास वर्षे आधी! खाणीतून वर आलेले कामगार बुद्धवंदनेला जमत. अयोथीदासांचे ‘तमिळन’ पत्र त्यांच्या निधनानंतर काही काळाने इथूनच पुन्हा निघाले. सिद्धार्थ पुस्तकशाळेने त्यांचे ग्रंथ छापले. रोजंदारीवरचा माणूस पुस्तकासाठी पैसे बाजूला काढत होता, ही गोष्ट माझ्यासारख्या हिशेब लिहिणाऱ्याला सोन्याच्या आकड्यांपेक्षा मोठी वाटते. 1954 साली बाबासाहेबही इथे येऊन गेले.

सव्वाशे वर्षांत सुमारे 800 टन सोने निघाले. शेवटी टनभर दगडामागे काही ग्रॅमच उरले, खर्च भागेना, आणि 2001 साली सरकारी कंपनीने खाण बंद केली. घर कंपनीचे, पाणी कंपनीचे, दवाखानाही कंपनीचाच. एका दिवसात सगळेच गेले. मी ज्या निवृत्त खाणकामगाराच्या खोलीत बसलो होतो, त्यांना दोन वाक्यांमध्ये थांबून खोकावे लागत होते. दगडाची धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. त्यांचा मुलगा मोडक्यातोडक्या हिंदीत आम्हा दोघांचा दुभाषा झाला. तो पहाटेच्या गाडीने बंगळूरला कामाला जातो, रात्री परततो. त्याच्यासारखे हजारो आहेत. तिकडेच खोली का घेत नाहीस, असे मी विचारले. “भाडं कोण देणार, दादा? आणि अप्पा इथून हलत नाहीत.”

दक्षिणेकडे सहलीला जाणाऱ्या मंडळींनी एक दिवस काढून इथे जरूर जावे. जेवणाची सोय रॉबर्टसनपेटच्या बाजारात होते. वारा असेल तर लहान मुलांच्या नाकाला रुमाल बांधावा, कारण त्या डोंगरांची माती वस्तीत उडत येते.