एका वुजूचे पाणी

सातवीला नैसर्गिक साधनसंपत्तीचा पाठ शिकवत होते. फळ्यावर तत्त्वे लिहिली: गरजेपुरते घ्या, वाया घालवू नका, वापरलेले पुन्हा वापरा, पुढच्यांसाठी राखा. मग हजेरी घेताना एका मुलीला उभे केले. ही दर गुरुवारी गैरहजर. सगळ्यांसमोर तिला रागावले.

ती हळूच म्हणाली, “टीचर, गुरुवारी आमच्या गल्लीत टँकर येतो. अम्मी कामाला जाते. पाणी मीच भरते.”

दोनशे लिटरचे दोन ड्रम, घरात सहा माणसे आणि पुढचा टँकर आठवड्याने. म्हणजे माणशी रोज १० लिटरही नाही. जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसासाठी धरलेले प्रमाणसुद्धा रोज ५५ लिटर आहे.

त्या संध्याकाळी मगरिबच्या वुजूला बसताना मी नळाखाली बादली ठेवली. नेहमीसारखाच वुजू केला. मसह करतानाही नळ वाहतच होता. पाणी मोजले, तर ८ लिटर! तिचे दिवसभराचे जवळजवळ सगळे पाणी माझ्या एका वुजूत गेले होते. पाच वेळचे ४० लिटर.

प्रेषित (स.) एका मुद्द पाण्यात वुजू करत, असे हदीसमध्ये आहे. म्हणजे साधारण पाऊण ते एक लिटर. हे मी लहानपणी मकतबमध्ये पाठ केले होते, मुलांनाही सांगितले होते. मोजून मात्र कधी पाहिले नव्हते. फळ्यावरचा धडा तिला नव्हे, मला हवा होता.

अम्मीचा बधना माळ्यावरून काढला. आता वुजू त्यानेच होतो. खाली घमेले ठेवते, ते पाणी मोगऱ्याला जाते. माझे वाचलेले पाणी थेट तिच्या ड्रममध्ये पडणार नाही, हे कळते. पण तिचा टँकर आणि माझा नळ एकाच टाकीवर भरतात. बहिणींनो, एकदा आपल्या नळाखालीही बादली ठेवून पाहा.

दुसऱ्या दिवशी वर्गासमोरच तिची माफी मागितली. सगळ्यांसमोर रागावले होते, माफीही तशीच हवी होती. गुरुवारचा पाठ आता शुक्रवारी मधल्या सुट्टीत तिला शिकवते. गेल्या शुक्रवारी आणखी दोन मुली वह्या घेऊन येऊन बसल्या. त्यांच्याही गल्लीत टँकरच येतो.