नावाची पाटी

गाडी उशिरा येणार असे कळले की प्रवाशाच्या हाताला काहीतरी चाळा लागतो. पूर्वी तो शेंगांच्या पुडीचा असे. हल्ली मोबाईलचा असतो.

गेल्या दिवाळीत गावी जाताना मी असाच एका मोठ्या जंक्शनवर बसलो होतो. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर मोफत वायफाय सुरू झाले आणि पुढे ते गावोगावच्या स्थानकांवर पोचले, हे मला ठाऊक होते. मोबाईलात पाहतो तो स्टेशनच्या नावाची दोन वायफाय! एकाच्या नावात एक अक्षर अधिक होते. मी नेमके तेच निवडले. लगेच एक सुबक पान उघडले. त्याने माझा ईमेलचा पत्ता मागितला, पासवर्ड मागितला. फुकट मिळते आहे, तर एवढे द्यायला काय हरकत, असे मनाशी म्हणत मी दोन्ही दिले. मुलांच्या वह्यांतली एकेक चूक तांबड्या शाईने दाखवणाऱ्या मास्तराला ते जादा अक्षर दिसले, पण खटकले नाही!

पाडव्याच्या सकाळी पुण्याहून एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला.

"सर, प्रकृती कशी आहे आता? पाच हजार पोचले ना?"

हातातला लाडू हातातच राहिला. आदल्या रात्री माझ्या ईमेलवरून, माझ्याच नावाने त्याला पत्र गेले होते : मी इस्पितळात आहे, ताबडतोब या खात्यावर पैसे धाड. तसलेच पत्र आणखी कितीतरी जणांना गेले होते.

"अरे, एक फोन तरी करायचास!"

"सर, तुम्ही कधी कुणाकडे काही मागितलं नव्हतंत. मग विचारायचं कसं?"

पाच हजारांपेक्षा हे वाक्य मला जड गेले. वीस वर्षे खडू झिजवून मिळवलेला विश्वास कुणीतरी एका रात्रीत खर्चून टाकला होता.

विद्यार्थ्याने लगोलग १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवली. इकडे माझ्या कॉलेजकन्येने पासवर्ड बदलला, मोबाईलवर आकडा आल्याखेरीज ईमेल उघडणारच नाही अशी दुहेरी कडी घातली, आणि मग माझी शिकवणी घेतली.

"बाबा, वायफायचं नाव म्हणजे दारावरची पाटी. ती कुणीही रंगवून लावू शकतो. स्टेशनचं खरं वायफाय मोबाईल नंबर विचारतं, त्यावर आलेला ओटीपी विचारतं. तुमच्या ईमेलचा पासवर्ड त्याला कशाला हवा?"

"पण पत्त्याशेजारी कुलूप दिसलं की भीती नाही म्हणतात ना?"

"कुलपाचा अर्थ वाटेत कुणी पत्र फोडत नाही, एवढाच. पत्र ज्याच्या हाती पडतं तो साव की चोर, हे कुलूप सांगत नाही."

तेव्हापासून पैशाचा व्यवहार मी मोबाईलच्या स्वतःच्या डेटावरच करतो. एकदा जोडलेल्या वायफायचे नाव मोबाईल लक्षात ठेवतो आणि पुन्हा तेच नाव दिसले की आपल्याला न विचारता त्याला जाऊन बिलगतो. म्हणून परगावची नावे काम होताच पुसून टाकतो.

पाच हजार मी भाऊबीजेच्या आतच परत केले. तो घेईना. "चोराने नेलेली गुरुदक्षिणा माझ्या नावावर कशाला ठेवतोस?" असे म्हटले, तेव्हा कुठे त्याने घेतले. यापुढे माझ्या नावाने कुणी पैसे मागितले तर आधी फोन करायचा, असे मी त्याच्याकडून वदवूनही घेतले.

यंदा वसुबारसेला मी नव्या नंबरावरून त्याला फोन केला. पलीकडे क्षणभर शांतता. मग तो चाचरत म्हणाला,

"सर, रागावू नका. आठवीत मी कुठल्या बाकावर बसत होतो?"

"तिसऱ्या. खिडकीशी. आणि फळ्याकडे पाहण्याऐवजी सारखा बाहेर बघायचास."

तो खळखळून हसला. मीही हसलो. इतक्या वर्षांत त्याने विचारलेला सर्वांत शहाणा प्रश्न तोच होता.