लांबून दिलेलं मत

परदेशातल्या मराठी माणसाला दोन गोष्टी फुकट मिळतात. ऑफिसातली कॉफी आणि भारताच्या राजकारणावरची मतं! शनिवारी रात्री चार कुटुंबं जेवायला जमली की ताटं उचलायच्या आत देशाचं काय चुकतंय ते ठरलेलं असतं. मीही त्यात हिरिरीने बोलतो. मग कुणीतरी हमखास म्हणतं, "सोडून आलात ना? मग कशाला बोलता?"

ह्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला आमचा गोंदिया जिल्हा आठवतो. अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ, नॉर्ग्येलिंग नावाची तिबेटी वसाहत आहे. १९७२ साली ती वसली तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यात होता. १९९९ मध्ये गोंदिया वेगळा झाला, पण तिबेटी मंडळी तिला अजून 'भंडारा'च म्हणतात. आपल्याला तिबेटी म्हणजे हिवाळ्यात स्वेटर विकणारे, एवढंच ठाऊक असतं. पण सोडून आलेल्या देशाबद्दल मत कसं बाळगावं, हे शिकावं तर ह्यांच्याकडून.

१९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले. धरमशालेत त्यांचं निर्वासित सरकार आहे आणि ४५ जणांची संसदही. गंमत बघा, त्यातल्या ३० जागा तिबेटच्या तीन जुन्या प्रांतांच्या, प्रत्येकी दहा. म्हणजे गोठणगावच्या धानाच्या बांध्यांशेजारी वाढलेला मुलगा मत देतो ते कधीही न पाहिलेल्या आजोबांच्या प्रांतासाठी. मतदानाला 'ग्रीन बुक' लागतं, आणि ते पुस्तक म्हणजे निर्वासित सरकारला दरवर्षी भरायच्या ऐच्छिक कराची नोंद. थोडक्यात, आधी वर्गणी, मग मत.

आणि मतं एकसारखी आहेत असंही नाही हं. दलाई लामांचा 'मध्यम मार्ग' चीनच्या चौकटीत खरी स्वायत्तता मागतो. १९७० साली स्थापन झालेल्या तिबेटन युथ काँग्रेसला पूर्ण स्वातंत्र्य हवंय. २०११ मध्ये दलाई लामांनी स्वतःहून राजकीय अधिकार सोडले आणि निवडलेल्या नेत्याच्या हाती कारभार दिला. देश हातात नसताना लोकशाही चालवायची, ह्याला काय म्हणाल!

ह्याची किंमतही आहे. १९५० ते जून १९८७ दरम्यान भारतात जन्मलेले तिबेटी जन्माने भारतीय ठरतात, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये स्पष्ट केलं. पण २०१७ मध्ये भारतीय पासपोर्टसाठी ज्या अटी आल्या त्यात तिबेटी वसाहत सोडण्याचीही होती. म्हणजे पासपोर्ट हवा की बापाने बांधलेलं घर, असा सवाल. माझ्या मताने माझं कधी काय गेलंय?

बरं, मत द्यायची सोय आपल्यालाही आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाला २०१० च्या कायदादुरुस्तीने मतदार होता येतं. पण आपापल्या मतदारसंघात स्वतः हजर राहून. आमच्या अर्जुनी मोरगावात तर २०२४ ला, नक्षलग्रस्त भाग म्हणून, मतदान दुपारी तीनलाच संपलं. त्यासाठी रजा टाकून, तिकीट काढून नागपूर आणि पुढे गोंदिया गाठणारे किती?

असो. लांबून बोलू नये असं मी म्हणत नाही. घरच्यांची काळजी अंतर बघून कमी होत नाही. फक्त आपल्या मताचा परिणाम भोगायला धान पिकवणारा काका तिथे असतो आणि आपण इथे, एवढं लक्षात ठेवलं तर आवाज जरा खाली येतो. तिबेटी माणसाला परत जायला वाट नाही, तरी तो वर्गणी भरतो. आपल्याकडे तर परतीचं तिकीट आहे. मग पुढच्या शनिवारी मत मांडताना आपली वर्गणी कोणती, हेही सांगूया का?