नेमाची सूत्रे आणि क्यूवरचा हात

वसमत, जि. हिंगोली

चि. बाळूस,

पूलमधला नेम भूमितीपुरता पाहिला तर अगदी सोपा असतो. जो चेंडू घालायचा त्याच्या मध्यापासून पॉकेटपर्यंत एक रेघ कल्पायची आणि ती उलट दिशेने मागे वाढवायची. चेंडूच्या पाठीवर ती जिथून बाहेर पडते, तिथे पांढऱ्या चेंडूचा स्पर्श व्हायला हवा. स्पर्शाच्या क्षणी पांढरा चेंडू जिथे असेल तिथे एक अदृश्य चेंडू ठेवला आहे असे मानून त्याच्या मध्यावर नेम धरायचा, ही झाली ‘घोस्ट बॉल’ पद्धत. नवशिके बहुधा या अदृश्य चेंडूऐवजी स्पर्शबिंदूवरच नेम धरतात. पण दोन गोळे एकमेकांना कडेने भिडतात, त्यामुळे फटका ठरवल्यापेक्षा जाड बसतो आणि चेंडू पॉकेटच्या अलीकडे कुशनवर आपटतो.

दुसरी जुनी पद्धत अपूर्णांकांची. पांढऱ्या चेंडूने समोरचा चेंडू किती झाकला, यावरून कोन ठरवायचा. निम्मा झाकला तर चेंडू 30 अंशांनी वळतो, पाऊण झाकला तर सुमारे 14.5 अंशांनी आणि पाव झाकला तर सुमारे 48.6 अंशांनी. हे आकडे शाळेतल्या त्रिकोणमितीतून थेट निघतात. त्यातला निम्म्या चेंडूचा फटका विशेष कामाचा, कारण तेव्हा क्यूची रेघ समोरच्या चेंडूच्या बरोबर कडेवर येते आणि डोळ्याला धरायला एक स्पष्ट खूण मिळते.

वसमतसारख्या गावात ही भूमिती पोरे कॅरमवर शिकतात, तीही कोणी न शिकवता. स्ट्रायकर सोंगटीला कुठे लागला पाहिजे हे बघण्याची सवय बोटांना आणि डोळ्यांना लहानपणीच लागते. ‘जरा बारीक कट घे’ असे बोर्डाशेजारी उभा असलेला कोणीतरी सांगतो, तीच शिकवणी. मात्र ही सवय पूलच्या टेबलावर जशीच्या तशी उपयोगी पडत नाही. कॅरममध्ये स्ट्रायकर बेसलाइनवर हवा तसा सरकवता येतो, म्हणजे कोन बऱ्याच अंशी खेळाडूच निवडतो. पूलमध्ये समोरच्याचा फाऊल झाल्याशिवाय पांढऱ्या चेंडूला हात लावता येत नाही. तो जिथे थांबला तिथूनच खेळायचे. शिवाय स्ट्रायकर सोंगटीच्या जवळपास तिप्पट जड असतो, म्हणून टकरीनंतरही तो पुढेच रेटत जातो आणि बरेचदा सोंगटीमागोमाग खिशात पडून दंड लावतो. पूलचे चेंडू सारख्या वजनाचे असतात. टकरीच्या वेळी पांढरा चेंडू न गडगडता नुसता घसरत असेल, तर टकरीनंतर दोघे जवळजवळ काटकोनात फुटतात. गडगडत असेल तर मधल्या सगळ्या कटांवर पांढरा चेंडू आपल्या मूळ रेघेपासून साधारण 30 अंशांनी वळतो. कॅरमवरून आलेल्या खेळाडूचा डोळा तयार असतो, पण पांढरा चेंडू पुढच्या फटक्यासाठी कुठे न्यायचा हे त्याला पहिल्यापासून शिकावे लागते.

गेल्या काही दशकांत अमेरिकेत नेमाच्या नव्या पद्धतींचा सुकाळ झाला. त्यांतली सर्वांत गाजलेली आणि सर्वांत जास्त भांडणे लावणारी म्हणजे ‘सेंटर टू एज’. हॅल हूल यांनी ती लोकांपुढे आणली आणि स्टॅन शफेट यांनी तिची पद्धतशीर मांडणी केली. पांढऱ्या चेंडूचा मध्य समोरच्या चेंडूच्या कडेशी जुळवायचा, दुसरी एक रेघ ठरावीक खुणेशी जुळवायची आणि मग क्यू किंवा अंग थोडेसे वळवून फटक्यावर यायचे, असा तिचा गाभा. गणिताची अडचण इथे उभी राहते. जुळवण्या ठरावीकच, आणि टेबलावरचे कोन मात्र अगणित. डोळ्याला दिसणाऱ्या मोजक्या खुणांमधून प्रत्येक वेळी नेमका वेगळा कोन निघायचा असेल, तर उरलेली दुरुस्ती खेळाडूचा सरावलेला अंदाज नकळत करत असला पाहिजे. कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीत यांत्रिक अभियांत्रिकी शिकवलेले डेव्हिड अल्सिएटोर यांनी हा आक्षेप सविस्तर मांडला आहे, आणि त्याला पटेल असे उत्तर मिळालेले दिसत नाही. तरीही ही पद्धत वापरून खेळ सुधारल्याचे सांगणारे पुष्कळ आहेत. ते खोटे बोलतात असे मानण्याचे कारण नाही. कारण मात्र दुसरीकडे शोधावे लागते.

त्यासाठी आधी चुकीला किती जागा असते ते पाहू. पूलचा चेंडू 57.15 मिलिमीटरचा आणि कोपऱ्यातल्या पॉकेटचे तोंड साधारण 114 ते 117 मिलिमीटरचे. म्हणजे चेंडूला दोन्ही बाजूंना जेमतेम 29 मिलिमीटरची मोकळीक. चेंडू पॉकेटपासून एक मीटरवर असेल तर दिशेत 1.7 अंशांपेक्षा कमी चूक चालते. फटका सरळ असला तरी एवढी अचूकता साधायला पांढरा चेंडू ठरल्या जागेच्या दीड-पावणेदोन मिलिमीटरच्या आत यावा लागतो. 60 अंशांच्या कटला तर मिलिमीटरच्या आतच. आणि पांढरा चेंडूही एक मीटरवरून येणार असेल, तर सरळ फटक्यालासुद्धा त्याच्या दिशेत दशांश अंशाएवढीच सूट उरते. क्यूचे टोक पांढऱ्या चेंडूच्या मध्यापासून नकळत एक मिलिमीटर बाजूला लागले, तर चेंडू सुटतानाच साधारण तेवढा वाकडा जातो. म्हणजे नेम शंभर टक्के बरोबर धरूनही हाताच्या एका मिलिमीटरने सगळी सूट खाऊन टाकली. कोणतेही सूत्र ही चूक भरून काढू शकत नाही, कारण सूत्राचे काम संपल्यावर ती घडते.

त्यात चेंडूंमधल्या घर्षणाची भर. कटच्या फटक्यात पांढरा चेंडू समोरच्या चेंडूला आपल्या दिशेने किंचित ओढतो, आणि तो भूमितीच्या रेघेपासून काही अंश ढळू शकतो. फटका हळू असला की हे जास्त जाणवते आणि मळलेल्या चेंडूंवर आणखी जास्त. ‘घोस्ट बॉल’वर तंतोतंत नेम धरणाऱ्याचा हळू कट पॉकेटच्या अलीकडच्या जबड्याला लागतो तो बहुधा यामुळे. अनुभवी खेळाडू सूत्र न आठवता थोडा बारीक कट घेतो.

मग नवी पद्धत घेतलेल्यांचा खेळ सुधारतो कशामुळे? पद्धत शिकणारा प्रत्येक फटक्याआधी उभा राहून नीट बघू लागतो, नेम ठरवूनच खाली वाकतो, वाकल्यावर डोळे इकडेतिकडे फिरवत नाही. मार्क विल्यम्स (स्नूकरचा विश्वविजेता मार्क विल्यम्स वेगळा), रॉबर्ट सिंगर आणि शेन फ्रेहलिक यांनी बिलियर्ड्स खेळाडूंच्या नजरेवर केलेला अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. निष्णात खेळाडूंची फटक्याआधीची शेवटची नजर जास्त वेळ स्थिर राहते, आणि साधलेल्या फटक्यांत ती चुकलेल्यांपेक्षा लांब असते, असे त्यात आढळले. नजर ठरण्याची ही सवय कोणतीही पद्धत लावू शकते. तिचे सूत्र खरे असण्याची गरज नाही. वर पैसे मोजलेले असतात, म्हणून सराव नेटाने होतो, हेही खरे.

शिकवणीचे फळ जास्त खात्रीचे. मात्र शिकवणी म्हणजे सूत्रांचे व्याख्यान नव्हे. खेळाडूला स्वतःचा हात दिसत नाही. कोपर फटक्याआधीच खाली पडते का, क्यू मागे घेताना सरळ जाऊन पुढे येताना मनगटाशी वळते का, टकरीआधीच डोके उचलले जाते का, हे मागून बघणाऱ्यालाच कळते. स्टीव्ह डेव्हिसचे उदाहरण यासाठी बोलके आहे. त्याचे वडील बिल हे काही नामांकित प्रशिक्षक नव्हते. जो डेव्हिस यांचे स्नूकरवरचे पुस्तक हाताशी धरून त्यांनी मुलाला शिकवले, आणि तो पुस्तकाप्रमाणे क्यू चालवतो की नाही हे बघत राहिले. त्या मुलाने 1981 ते 1989 या काळात सहा विश्वविजेतेपदे मिळवली. पुस्तक हजारोंनी वाचले असेल. रोज टेबलाशी उभे राहून बघणारी नजर फार थोड्यांना मिळाली.

आपल्याकडे पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958 मध्ये कोलकात्यात आणि 1964 मध्ये न्यूझीलंडमध्ये हौशी बिलियर्ड्सचे विश्वविजेते झाले. भारताला वैयक्तिक खेळातले पहिले विश्वविजेतेपद त्यांनीच मिळवून दिले. खेळ थांबवल्यावर ते शिकवू लागले आणि 1996 मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. पंकज अडवाणीचाही जन्म पुण्याचा, पण तो घडला बेंगळुरूत, स्नूकरचे माजी राष्ट्रीय विजेते अरविंद सवूर यांच्या हाताखाली. मोठ्या खेळाडूमागे बहुतेक वेळा असे एखादे माणूस सापडते. कॅरमच्या गावांत मात्र ‘कोणी शिकवले नाही, आपोआप आले’ असे अभिमानाने सांगायची रीत आहे, आणि बोर्डाशेजारी तासन् तास उभे राहून बघितलेले त्यात धरले जात नाही.

शिकवणीचा एक तोटा आधीच माहीत असलेला बरा. उभे राहण्याची किंवा क्यू धरण्याची जुनी सवय बदलली की खेळ काही काळ घसरतो. या टप्प्यावर बरेच जण प्रशिक्षकाला नावे ठेवून जुन्या सवयीकडे परततात आणि फीचे पैसे पाण्यात जातात. सरावाचेही तसेच. जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन यांनी 1979 मध्ये हाताच्या हालचालींवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे: एकच हालचाल लागोपाठ घोकणाऱ्यांची कामगिरी सरावाच्या वेळी चांगली दिसते, पण हालचाली आलटूनपालटून करणाऱ्यांच्या अंगी त्या जास्त टिकतात. एकाच कटचे तीस फटके मारणे सुखाचे असते, पण सामन्यात लागोपाठ दोन फटके सारखे येत नाहीत.

हाताची परीक्षा घ्यायला स्टॉप शॉट पुरतो. पांढरा चेंडू, समोरचा चेंडू आणि पॉकेट एका रेघेत ठेवायचे आणि पांढऱ्याच्या मध्याच्या जरा खाली मारायचे. फटका खरा बसला तर समोरचा चेंडू आत जातो आणि पांढरा जागच्या जागी थांबतो. चेंडू आत गेला, पण पांढरा जागेवर भिरभिरत राहिला, तर क्यूचे टोक मध्यावर लागले नव्हते. पांढरा बाजूला सरकला, तर टक्कर सरळ झाली नव्हती. पॉकेट रुंद म्हणून चेंडू पडला एवढेच. इथे नेमाचा कोनच नाही, त्यामुळे चूक सूत्रावर ढकलायची सोय राहत नाही. मोबाइल मागे उभा करून हाच फटका चित्रित केला तर निम्मी शिकवणी फुकटात होते. हा फटका लांबून दहातून सात-आठ वेळा साधत नसेल, तर नेमाच्या पद्धतीवर पैसे घालणे व्यर्थ.

सूत्रे खरोखर कामाला येतात ती कुशनच्या फटक्यांत. पांढरा चेंडू आधी कुशनवर मारून आडोशामागचा चेंडू गाठायचा असेल, तर डोळ्याचा अंदाज लवकर थकतो. टेबलाच्या कडेवरच्या खुणा मोजून करायची डायमंड पद्धत तीन कुशनच्या बिलियर्ड्समध्ये मुरलेली आहे. विली हॉपी यांच्या 1941 च्या पुस्तकाने तिला मोठा प्रसार मिळाला. चेंडू 50 क्रमांकाच्या जागेवरून निघून पहिल्या कुशनवर 30 च्या रोखाने मारला, तर तिसऱ्या कुशनवर तो 20 च्या आसपास लागतो, नुसती वजाबाकी. मात्र कापड नवे असेल तर चेंडू जास्त घसरतो आणि पुढे जाऊन लागतो, कुशन जुनी असेल तर आणखी वेगळे. म्हणून अनोळखी टेबलावर आधी दोन-तीन फटके मारून फरक किती पडतो ते बघायचे आणि उत्तरात तेवढे मिळवायचे किंवा वजा करायचे. क्लासच्या टेबलावर जमलेले गणित दुसऱ्या पार्लरमध्ये चुकते ते यामुळे.

तुझा,
मामा