गाडीतला आवाज, आईचे ऐकणे आणि डॅम्पिंग

गाडीच्या दारांच्या आत आणि तळाला रबराच्या शीट चिकटवून आवाज कमी करण्याच्या कामाला गाड्यांच्या दुकानात ‘डॅम्पिंग’ म्हणतात. मी माझ्या साध्या हॅचबॅक गाडीला ते करून घेतले. हे कळल्यापासून क्लिनिकमध्ये एक प्रश्न वारंवार येतो : “डॉक्टर, त्याने कान वाचतात का?” उत्तर थोडे अनपेक्षित आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित मानले जाते. त्यापुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होत जाते. ९० डेसिबलला ती जेमतेम ४ तास उरते. काचा बंद असलेल्या, सुस्थितीतल्या कारमध्ये हायवेवरचा आवाज साधारणपणे ८० च्या खालीच असतो. म्हणजे नुसत्या गाडीच्या घोंगावण्याने सहसा बहिरेपणा येत नाही. धोका असतो तो त्या घोंगावण्यावर मात करण्यासाठी आपण वाढवलेल्या गाण्यांचा. दिवसाचे पाच-सहा तास गाडी चालवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा तयार होत नाहीत.

मग मी खर्च कशासाठी केला? आईसाठी.

आईला वयोमानाने कमी ऐकू येते, ती श्रवणयंत्र वापरते. घरात तिच्याशी गप्पा नीट होतात. पण वसई फाट्यावरून हायवेला लागलो की ती गप्प होते. शिरसाडवरून वज्रेश्वरीला जाताना मुले मागच्या सीटवर तिला काहीबाही सांगत असायची आणि ती नुसती हसून मान हलवायची. “आजीला गाडीत झोप येते,” असा मुलांनी निष्कर्ष काढला होता. तिला झोप येत नव्हती, शब्द कळत नव्हते.

याचे कारण समजून घेऊया. साधारण ताशी ५० किलोमीटरच्या पुढे कारमध्ये इंजिनापेक्षा टायरचा आवाज वरचढ होतो. आपल्या हायवेवर आता काँक्रीटचा थर आहे, आणि खरबरीत काँक्रीटवर टायर डांबरी रस्त्यापेक्षा जास्त आवाज करतात. हा आवाज खालच्या पट्टीतला असतो. खालच्या पट्टीतला मोठा आवाज वरच्या पट्टीतले बारीक आवाज झाकून टाकतो, हा कानाचा स्वभावच आहे. ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘त’ ही व्यंजने याच बारीक आवाजात मोडतात. म्हातारपणी नेमके तेच आधी कमी ऐकू येतात. वर श्रवणयंत्र बोलण्याबरोबर घरघरही काही प्रमाणात वाढवून देते. त्यामुळे ‘आवाज येतो, पण बोललेले समजत नाही’ अशी अवस्था होते.

गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवून बोलतो. एतिएन लोंबार या फ्रेंच कानतज्ज्ञाने हे शंभर वर्षांपूर्वी नोंदवले, म्हणून त्याला लोंबार परिणाम म्हणतात. लांबच्या प्रवासानंतर घसा बसतो, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

डॅम्पिंग काय करते?

स्टीलच्या ताटावर चमचा मारा, ते घणघणते. आता ताटाला बोट लावून पुन्हा मारा, आवाज लगेच बसतो. गाडीचा पत्रा म्हणजे ते ताट आणि ब्यूटाइल रबराची शीट म्हणजे ते बोट. पत्र्याची थरथर रबरात जिरते आणि तिची किंचितशी उष्णता होते. ताटाला एक बोट पुरते, तसेच पत्र्याचा मधला मोकळा भाग झाकला तरी बरेच काम होते. इंच न् इंच मढवायची गरज नसते. मात्र हवेतून येणारा आवाज या शीटने फारसा अडत नाही. त्यासाठी दाराचे रबर घट्ट हवे, तळाला जड थर हवा.

काम करण्याआधी आणि नंतर मी त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला फोनमधल्या ॲपने आवाज मोजला. ॲपचा आकडा अचूक नसतो, पण तुलनेला चालतो. फरक सुमारे ३ डेसिबलचा आला. ३ डेसिबल म्हणजे आवाजाची ऊर्जा निम्मी झाली; तरी माझ्या कानाला ‘थोडे शांत वाटते’ इतकेच जाणवले. आईसाठी मात्र तो फरक मोठा होता. बोलणे समजणे आणि न समजणे यांच्या सीमेवर असलेल्या माणसाला दोन-तीन डेसिबलची मदतही वाक्य पकडायला पुरते. आता ती मुलांना मधेच थांबवून उलट प्रश्न विचारते.

खर्च करण्याआधी फुकटचे उपाय करून पाहा. कमी ऐकू येणाऱ्या व्यक्तीला पुढच्या सीटवर बसवा. मागच्या सीटवर तिला बोलणाऱ्याचे ओठ दिसत नाहीत आणि चालवणाऱ्याचा आवाज पुढे काचेकडे जातो. काचा बंद, एसीचा पंखा कमी, गाणी बंद. टायरमधली हवा आणि झीज तपासा. गाडी अचानक जास्त घुमू लागली असेल तर आधी मेकॅनिककडून व्हील बेअरिंग पाहून घ्या, त्यावर शीट लावून उपयोग नाही.

डॅम्पिंग करायचेच असेल तर वसई-विरारच्या पावसाचा विचार करा. काचेवरून ओघळणारे पाणी दाराच्या आत जाते आणि खालच्या बारीक भोकांतून बाहेर पडते. ती भोके शीटखाली बुजली तर पाणी साठते आणि आपल्या खाऱ्या हवेत पत्रा लवकर गंजतो. डांबरी शीट उन्हात वास मारते, ब्यूटाइल बरी. दारातली वायरिंग आणि एअरबॅगचे सेन्सर यांना हात लागू देऊ नका. आणि गाडी कितीही शांत झाली तरी रुग्णवाहिकेचा सायरन ऐकू आला पाहिजे, म्हणून गाणी हळूच असू द्या.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. घरातले वडीलधारे गाडीत, लग्नात, गर्दीत गप्प बसू लागले तर ‘वयामुळे स्वभाव शांत झाला’ असे गृहीत धरू नका. गोंगाटात न समजणे ही श्रवणदोषाची पुष्कळदा पहिली खूण असते. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून ऑडिओमेट्री करून घ्या. तपासणी साधी आहे, दुखत नाही. आणि एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, तिथे उशीर महागात पडतो. गाडीची शीट नंतरही लावता येते.